पॅनेलवर मराठी, हिंदी आणि इंग्रजी: मासळी गोठवण्याच्या कारखान्यात ऑपरेटर स्क्रीन बहुभाषी करताना

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मिरकरवाड्याला बोटी शाकारलेल्या दिसतात आणि रत्नागिरी भागातल्या मासळी गोठवणाऱ्या कारखान्यांना जरा उसंत मिळते. कंडेन्सरची सफाई, कॉम्प्रेसरचं ओव्हरहॉल, वर्षभर राहिलेली किरकोळ कामं या दिवसांत उरकतात. ऑपरेटरच्या स्क्रीनवर दुसरी-तिसरी भाषा चढवायची असेल तर तीही आताच. ऑगस्टमध्ये माल यायला लागला की पॅनेलला कोणी हात लावू देणार नाही, आणि देऊही नये.

मी हे काम अशाच एका कारखान्यात केलं. अमोनियावर चालणारे तीन कॉम्प्रेसर, प्लेट फ्रीझर, ब्लास्ट फ्रीझर, उणे १८ अंशांचं कोल्ड स्टोरेज आणि बाजूला बर्फाच्या लाद्यांचा प्लँट. दोन टच पॅनेल आणि ऑफिसात एक कॉम्प्युटर, सगळं इंग्रजीत. रात्रपाळीचा ऑपरेटर रंग आणि जागा पाहून काम करायचा: वरची पट्टी लाल झाली की उजवीकडचं बटण दाबायचं. ते बटण रिसेटचं होतं. ऑईल प्रेशर कमी असल्याचा अलार्म एका रात्रीत त्याने अकरा वेळा रिसेट केला. दोष त्याचा नव्हता.

आधी शिफ्टला जाऊन बसा

कोणती भाषा हवी हे मालकाला विचारू नका. तिन्ही पाळ्यांना अर्धा-अर्धा तास पॅनेलशेजारी उभे राहा आणि तिथे खरोखर कोण येतं, ते लिहून काढा. आमच्याकडे आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन इंग्रजीच पटकन वाचायचा, कारण सर्किट ड्रॉइंग इंग्रजीत असतं. प्लँट ऑपरेटर आसपासच्या गावांतले, मराठी वाचणारे. फ्रीझर भरणाऱ्या टोळीत उत्तर प्रदेश आणि नेपाळकडचे गडी होते. त्यांना हिंदी चालत होती आणि त्यांच्या कामाला फक्त दोनच स्क्रीन लागत होत्या.

म्हणून मराठी आणि इंग्रजी पूर्ण घेतली, हिंदी मात्र फ्रीझरच्या दोन स्क्रीन आणि सगळ्या अलार्मपुरती. मालकांना मल्याळमही हवी होती, कारण सोलाईच्या विभागात केरळच्या बायका होत्या. पण त्या पॅनेलला हातही लावत नव्हत्या. वाढवलेली प्रत्येक भाषा पुढे प्रत्येक बदलाच्या वेळी सांभाळावी लागते, हे विसरून उत्साहात चार-पाच भाषा टाकल्या जातात.

शब्दांची वही

सॉफ्टवेअर उघडण्याआधी शंभरपानी वही घ्या. अर्ध्याहून जास्त काम इथेच आहे, आणि बहुतेक लोक नेमकं हेच टाळतात.

पहिल्या खेपेला मीही टाळलं. इंग्रजी मजकुराची यादी काढून मशीनच्या भाषांतरात टाकली. ‘ट्रिप’ची, म्हणजे मशीन आपोआप बंद पडण्याची, सहल झाली, ‘सक्शन’चं शोषण झालं, ‘प्लँट स्टॉप’ला झाडं थांबली. मग शुद्ध करायला बसलो आणि दुसऱ्या टोकाला गेलो. कॉम्प्रेसरला ‘संपीडक’ लिहिलं. तीस वर्षं अमोनियाच्या वासात काढलेले एक काका पॅनेलसमोर आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “संपीडक म्हणजे कुठला रे? नवीन बसवलाय काय?”

तेव्हापासून नियम एकच: ऑपरेटर फोनवर वायरमनला जे सांगतो, ते स्क्रीनवर. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, रिसीव्हर, सक्शन, डिस्चार्ज, व्हॉल्व्ह, ट्रिप हे शब्द जसेच्या तसे देवनागरीत. पण कमी, जास्त, चालू, बंद, गळती, पाणी, बर्फ, दरवाजा हे मराठीच, कारण तेच बोलले जातात. ‘लेव्हल’ की ‘पातळी’ यावर आमच्याकडे वाद झाला. चहाच्या टपरीवर चार जणांना विचारलं, चौघेही लेव्हल म्हणाले. विषय संपला.

खरा घोळ साध्या शब्दांत असतो.

‘बंद’ घ्या. इंग्रजीत पंप थांबला, व्हॉल्व्ह मिटला आणि वीज गेली यांना तीन वेगळे शब्द आहेत. मराठीत तिन्हींना बंद. पंपाला आणि व्हॉल्व्हला वेगवेगळी चिन्हं असतील तर निभावतं. पण सप्लाय नसेल तेव्हा ‘बंद’ लिहू नका, ‘लाईट नाही’ लिहा. कारखान्यात तेच म्हणतात.

‘उघडा’ त्याहून वाईट. व्हॉल्व्ह उघडा: ही स्थिती आहे की हुकूम? तो उघडा आहे, की तुम्ही जाऊन उघडायचा? दोन्ही अर्थ बरोबर आहेत, म्हणून तर धोका. आम्ही ठरवलं की बटणावर नेहमी क्रियापद आज्ञार्थी आणि पूर्ण: ‘उघडा’, ‘बंद करा’, ‘चालू करा’. स्थिती दाखवताना ‘आहे’ हवंच: ‘उघडा आहे’, ‘बंद आहे’. जागा जास्त लागते, लागू दे.

आणि ‘खाली’. मराठीत ‘टाकी खाली’ वाचून माणूस टाकीच्या बुडाशी बघेल, हिंदी वाचणारा टाकी रिकामी समजेल. दोन्ही भाषा देवनागरीत असल्यामुळे स्क्रीन चुकून दुसऱ्या भाषेत राहिली आहे हे पटकन लक्षातही येत नाही. मराठीच्या रकान्यात ‘रिकामी’ किंवा ‘लेव्हल कमी’ लिहा. ‘खाली’ हा शब्द मराठी यादीतून काढूनच टाका.

लिंगाचंही बघा. इंग्रजी सॉफ्टवेअर ‘उपकरणाचं नाव’ अधिक ‘थांबलं’ असे तुकडे जोडून वाक्य बनवतं. मराठीत पंप थांबला, मोटर थांबली, मशीन थांबलं. प्रत्ययांचीही तीच गत, ‘पंप’चं ‘पंपाचं’ होतं, हे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रॅमला कुठून कळणार? उपाय सोपा आहे. नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग न बदलणारा शब्द: ‘पंप २: ट्रिप’, ‘कॉम्प्रेसर १: ऑईल प्रेशर कमी’. हे व्याकरण तारेच्या काळातलं वाटेल, पण ते चुकत नाही.

पॅनेलला देवनागरी येते का?

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. देवनागरीत अक्षरांचे नुसते साचे पुरत नाहीत, ती जुळवावी लागतात. ‘फिल्टर’मधली पहिली वेलांटी साठवताना ‘फ’च्या नंतर असते, दाखवताना आधी यावी लागते. ‘ट्रि’सारखी जोडाक्षरं बांधावी लागतात. विंडोजवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला हे जमतं. छोट्या टच पॅनेलपैकी बऱ्याच जणांना जमत नाही, मग माहितीपत्रकात ‘युनिकोड’ लिहिलेलं असो.

एक रिकामी स्क्रीन करा आणि तिच्यावर एवढंच टाका: फिल्टर, ट्रिप, आर्द्रता, क्षमता, वाऱ्याची, ॲसिड, गळती. डिझाइन करायच्या लॅपटॉपवर ते छान दिसेल, त्याला अर्थ नाही. खऱ्या पॅनेलमध्ये डाउनलोड करून बघा. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला आली, पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसली किंवा चौकोन आले, तर ते पॅनेल मराठीसाठी निकामी. अशा वेळी त्या पॅनेलवर इंग्रजी आणि ठळक चिन्हं ठेवा, मराठी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर द्या, किंवा पॅनेल बदला. शब्दांची चित्रं करून चिकटवायचा मोह होतो. मी एकदा केलं आहे. पहिल्याच दुरुस्तीला सदतीस चित्रं परत बनवावी लागली.

यादीतला ‘ॲ’ मुद्दाम घातला आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फाँटमध्ये ते नाही, तिथे चौकोन दिसतो. काही जण मग ‘अ’ला वेगळा चंद्र जोडून वेळ मारून नेतात. दिसायला तेच, पण मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, आणि अलार्मच्या यादीत शोध घेतला की निम्मे सापडत नाहीत. आम्ही ‘अमोनिया’ आणि ‘अलार्म’ साध्या ‘अ’ने लिहून टाकले.

फाँट कुठला? विंडोज ८ पासून ‘निर्मला यूआय’ सोबत येतो, तोच घ्या. जुन्या प्रोजेक्टमध्ये ‘मंगल’ निवडलेला असेल तर सावध राहा. विंडोज १० मध्ये मंगल हा ऐच्छिक फाँटच्या गठ्ठ्यात गेला आहे. कॉम्प्युटर बदलला की तो नसतो, विंडोज दुसरा फाँट लावतं आणि बटणातून अक्षरं बाहेर येतात.

आणि बाजारपेठेतल्या डीटीपीवाल्याकडून मजकूर टाइप करून आणू नका. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या पद्धतीत टाइप केलेलं त्याच फाँटमध्ये मराठी दिसतं, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. विंडोजचा मराठी कीबोर्ड चालू करा, इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक, आणि थेट युनिकोडमध्ये लिहा.

आता सॉफ्टवेअर

सगळ्यात आधी चालू प्रोजेक्टची प्रत काढा. एक पेनड्राइव्हवर, एक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, नावात तारीख घालून. पॅनेलमध्ये चालणारा प्रोग्रॅम आणि लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम एकच आहे ना, हेही बघा. पुरवठादार शेवटचा बदल करून फाइल न देता गेलेला असणं, ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

स्क्रीन बनवायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पायऱ्या सारख्याच आहेत. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये प्रोजेक्टच्या झाडात भाषांचा भाग असतो. तिथे ‘प्रोजेक्ट लँग्वेजेस’मध्ये मराठी आणि हिंदीवर खूण करा. मूळ संदर्भाची भाषा इंग्रजीच राहू द्या. मग पॅनेलच्या ‘रनटाइम सेटिंग्ज’मध्ये ‘लँग्वेज अँड फाँट’ उघडून त्याच भाषा पुन्हा निवडायच्या आणि त्यांचा क्रम लावायचा. ही दुसरी खूण विसरली की भाषांतर प्रोजेक्टमध्ये असतं पण पॅनेलवर येत नाही, आणि माणूस दिवसभर फाँटला शिव्या घालतो.

रॉकवेलच्या फॅक्टरीटॉक व्ह्यूमध्ये ‘टूल्स’ मेनूत ‘लँग्वेजेस’ आहे, तिथे भाषा वाढवायच्या. भाषांतर नसलेला मजकूर मूळ भाषेत दाखवण्याचा पर्याय तिथे मिळतो. तो न निवडल्यास स्क्रीनवर प्रश्नचिन्हं येतात. माझा सल्ला: काम चालू असताना प्रश्नचिन्हंच येऊ द्या, राहिलेला शब्द लांबूनही दिसतो. कारखान्याच्या हाती देताना मात्र पर्याय चालू करा. रात्री दोन वाजता प्रश्नचिन्हापेक्षा इंग्रजी परवडलं.

स्क्रिप्टमधून भाषा बदलायची असेल तर काही ठिकाणी विंडोजचा भाषा क्रमांक लागतो: मराठी ११०२, हिंदी १०८१, अमेरिकी इंग्रजी १०३३. यादीत ‘कोकणी’ही दिसते, ११११. आपलीच म्हणून ती निवडू नका.

मजकूर बाहेर, मजकूर आत

एकेक स्क्रीन उघडून भाषांतर टाइप करत बसू नका. सगळा मजकूर एक्सेलसाठी निर्यात करता येतो: एका रकान्यात ओळख क्रमांक, पुढे प्रत्येक भाषेला एक रकाना. वही शेजारी ठेवून मराठीचा रकाना भरा आणि फाइल परत आत घ्या.

इथे तीन खड्डे आहेत. ओळख क्रमांकाच्या रकान्याला हात लावला, क्रम बदलला किंवा ओळी गाळल्या की शब्द भलत्याच बटणावर जातात. फाइल साध्या सीएसव्हीत साठवली की सगळं मराठी प्रश्नचिन्हांत बदलतं, कारण देवनागरीला विंडोजच्या जुन्या कोड पानांत जागाच नाही. सॉफ्टवेअरने ज्या स्वरूपात फाइल दिली त्याच स्वरूपात परत साठवा, मजकुराची फाइल असेल तर ‘युनिकोड टेक्स्ट’. तिसरा खड्डा म्हणजे मजकुरातले खुंटे. अलार्ममध्ये जिथे तापमानाचा आकडा यायचा असतो तिथे टक्क्याची खूण किंवा तिरक्या रेघांमधला कोड असतो. त्यातलं एक अक्षर हललं तरी आकडा गायब. भाषांतर करणारा दुसराच कोणी असेल तर त्याला हे खुंटे पिवळ्या रंगात करून द्या.

भरून झालं की लगेच आत घेऊ नका. आधी पाच ओळींची चाचणी फाइल आत घ्या. ती नीट बसली तरच बाकीची.

अलार्म

स्क्रीनवरचं एखादं नाव चुकलं तर लोक हसतात. अलार्म चुकला तर हसण्यावारी जात नाही.

प्रत्येक अलार्मला दोन ओळी लिहा: काय झालं आणि आता काय करायचं. ‘कॉम्प्रेसर १: ऑईल प्रेशर कमी. ऑईल लेव्हल काच बघा. पुन्हा चालू करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.’ अकरा वेळा रिसेट होणारा अलार्म या दुसऱ्या ओळीने थांबला. अलार्म व्यवस्थापनाचं आयएसए १८.२ हे मानक, २००९ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये सुधारलं गेलं, तेही हेच धरून चालतं की अलार्मला ऑपरेटरकडून काहीतरी कृती अपेक्षित असते. भाषांतराच्या निमित्ताने ही चाळणी आपोआप लागते. ‘आता काय करायचं’ची ओळ लिहिता येत नसेल तर तो अलार्म नव्हे, नोंद आहे. त्याला लाल पट्टीतून काढा. आमच्याकडे असे बरेच निघाले, त्यांतला एक तर ऑफिसच्या दरवाजाचा होता.

अमोनिया गळतीच्या वाक्यावर आम्ही दोन दिवस घालवले. पहिल्या मसुद्यात होतं, ‘वाऱ्याच्या दिशेने जा’. वाचून दाखवलं तर निम्मे जण म्हणाले, वारा जातो तिकडे. निम्मे म्हणाले, वारा येतो तिकडे. ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग झाले की, अमोनिया जिवाला तत्काळ धोका मानला जातो, तिथे असली कोडी घालून चालत नाही. शेवटी वाक्य झालं: ‘अमोनिया गळती. कॉम्प्रेसर रूम सोडा. छपरावरची पिशवी बघून गेट ठरवा.’ छपरावर वारा दाखवणारी कापडी पिशवी आहे, आणि कुठल्या वाऱ्याला कुठलं गेट हे सरावात शिकवलं. हा एक अलार्म मात्र भाषेच्या बटणावर सोडला नाही. तो कायम मराठी आणि हिंदी दोन्हींत एकदमच येतो.

अलार्मचा इतिहास कोणत्या भाषेत साठतो तेही बघून घ्या. काही सॉफ्टवेअर क्रमांक साठवतात आणि दाखवताना भाषा लावतात, काही त्या क्षणी स्क्रीनवर असलेला मजकूरच साठवतात. दुसऱ्या प्रकारात महिन्याचा अहवाल तीन भाषांची खिचडी होतो. निर्यातीच्या तपासणीला कागद दाखवायचे असतात, तेव्हा नोंदवही एकाच भाषेत, इंग्रजीत, लावून टाका.

यादीत न येणारा मजकूर

निर्यात केलेल्या यादीत सगळं येत नाही. चित्रात भाजलेली अक्षरं, स्क्रिप्टमध्ये थेट लिहिलेले संदेश, अहवालांचे मथळे, पीएलसीतून (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमधून) येणारी वाक्यं ही शोधून काढावी लागतात. पीएलसीतली साधी स्ट्रिंग एका अक्षराला एकच बाइट देते, देवनागरी तिच्यात मावत नाही. सीमेन्सच्या एस७-१२०० आणि १५०० मध्ये दोन बाइटची ‘डब्ल्यूस्ट्रिंग’ आहे, पण तिच्या नादी लागण्यापेक्षा पीएलसीकडून नुसता क्रमांक पाठवा आणि त्या क्रमांकाचे शब्द पॅनेलच्या टेक्स्ट लिस्टमध्ये ठेवा. मग ते यादीतही येतात.

मोबाईलवर जाणारे एसएमएस वेगळे मोजावे लागतात. इंग्रजीत एका एसएमएसात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळा मोजला जातो: ‘कॉम्प्रेसर’ची होतात १०. ‘अमोनिया गळती. कॉम्प्रेसर रूम सोडा.’ हे ३४ मध्ये बसतं. बाकीचा मजकूर फोनवर सांगता येतो.

आकडे इंग्रजीच ठेवा. गेजवर, नेमप्लेटवर, ड्रॉइंगवर तेच आकडे आहेत. ऑपरेटर गेज आणि स्क्रीन जुळवून बघतो, तिथे ८ आणि इंग्रजी आठ यांच्यात त्याला का अडकवायचं?

बटण आणि पडदा

भाषेचं बटण प्रत्येक स्क्रीनवर, त्याच कोपऱ्यात. बटणावर त्या भाषेचं नाव त्याच भाषेत आणि त्याच लिपीत, म्हणजे चुकून इंग्रजीत गेलेला माणूस ‘मराठी’ वाचून परत येईल. झेंडे लावू नका. मराठीचा आणि हिंदीचा झेंडा कुठला वेगळा लावणार? टीआयएमध्ये बटणाच्या क्लिकला ‘सेट लँग्वेज’ हे फंक्शन जोडायचं, फॅक्टरीटॉकमध्ये भाषा बदलण्याचं तयार बटण मिळतं. लॉगआउट झालं किंवा पाळी बदलली की स्क्रीन आपोआप मराठीवर यावी, एवढं नक्की करा.

मग प्रत्येक स्क्रीन प्रत्येक भाषेत उघडून बघा. देवनागरीला रुंदीपेक्षा उंची जास्त लागते. वर मात्रा-रफार, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीला पुरणाऱ्या चौकटीत ‘दुरुस्ती’चा उकार कापला जातो. चौकटी उंच करा. बारीक अक्षर ठळक करू नका, ‘ध’ आणि ‘घ’ एकच दिसतात. फ्रीझरजवळच्या पॅनेलला ओल्या हातमोज्यांनी हात लागतात, तिथे बटणं मोठी आणि शब्द कमी.

रात्री अकरा ते सात

ऑफिसात तपासून झालं म्हणजे झालं नाही. डाउनलोड करताना पॅनेल काही वेळ बंद पडतं. पीएलसी चालूच असते, पण ऑपरेटर आंधळा होतो. मासेमारी बंद असली तरी कोल्ड स्टोरेजमध्ये माल असतोच. म्हणून डाउनलोडच्या वेळी एक माणूस गेजसमोर उभा करा, एका वेळी एकच पॅनेल घ्या, आणि ढग गडगडत असतील तर उद्या करा.

मग रात्रपाळीला बसा. सिम्युलेशनमधून एकेक अलार्म आणा आणि ऑपरेटरला काही न सांगता बघत राहा. तो वाचताना अडखळला तर शब्द चुकीचा आहे, त्याला समजावत बसू नका, वहीत लिहा. आमच्या पहिल्या रात्री एकोणीस शब्द बदलले. ‘डिफ्रॉस्ट’ला मी लिहिलेलं ‘हिम वितळवणे’ बघून काकांनी नुसती मान हलवली. आता तिथे ‘डिफ्रॉस्ट’ आहे.

ती वही पॅनेलशेजारी सुतळीने बांधून खिळ्याला टांगली आहे. नवीन अलार्म किंवा बटण वाढलं की आधी वहीत तिन्ही रकाने भरायचे, मग प्रोजेक्टमध्ये. गेल्या सीझनला आलेल्या एका इंजिनिअरने घाईत नवीन पंप जोडला आणि नुसतं इंग्रजी टाकलं. दुसऱ्या दिवशी वहीत काकांच्या अक्षरात नोंद होती: ‘पंप ४. मराठी नाय.’